पाश्चात्य अर्थशास्त्र आमच्या दारी



अर्थशास्त्र हा शब्द कानी पडताच श्रोत्यांपैकी काहींना घरची आठवण होते, हे आम्हांस ठाऊक आहे. आकडे, कोष्टके आणि न समजणारी परिभाषा असे या शास्त्राचे चित्र लोकांच्या मनात आहे. आणि हे चित्र तयार होण्यास अर्थशास्त्रज्ञ मंडळींनीही हातभार लावलेला आहे. म्हणून प्रारंभीच एक आश्वासन देऊन ठेवतो. अर्थशास्त्र काय सांगते हे आज आम्ही शिकवणार नाही. इंग्लंडात किंवा जर्मनीत बसून कोणी एक सिद्धांत मांडला, तो आपल्यासारख्या मागासलेल्या देशात कोणत्या वाटेने आला, येथे आल्यावर त्याने काय केले आणि आपण त्याचे काय केले, एवढेच आज पाहावयाचे आहे. ही कथा शास्त्राची असली तरी तिच्यातील पात्रे आपल्या ओळखीची आहेत. त्यांत इंदापूरचा कुणबी आहे, पुण्याचा न्यायाधीश आहे, मुंबईचा प्राध्यापक आहे, आणि शेवटी या सभागृहात बसलेले आपण सर्वजणही आहोत.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली. तिची इंजिने विलायतेत बनलेली होती. विलायतेत इंजिने जशी धावत, तशीच ती आमच्या रुळांवरही धावली. वाफेला देश नाही, की जात नाही. परंतु मनुष्याच्या व्यवहाराविषयीचा सिद्धांत असा पेटीत घालून जहाजावर चढवता येत नाही. 'मनुष्य आपला फायदा पाहून वागतो' असे म्हणताना सिद्धांत मांडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता तरी मनुष्य असतो. त्याला कोर्टकचेऱ्या माहीत असतात, त्याच्या गावाजवळ बाजारपेठ असते, एक धंदा बुडाल्यास दुसरा धरण्याची त्याला सोय असते. सिद्धांत प्रवास करतो, पण हा मनुष्य मागेच राहतो. सगळा घोटाळा येथून सुरू होतो.

आपल्याकडे आधुनिक अर्थशास्त्र प्रथम पुस्तकांतून आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ते प्रथम आले मोजणीच्या साखळीतून. पेशवाई १८१८ साली बुडाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८१७ साली, डेव्हिड रिकार्डो याचा अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला होता. त्यात जमिनीच्या खंडाचा प्रसिद्ध सिद्धांत आहे. तो थोडक्यात असा : सर्वांत हलक्या जमिनीत पिकवणाऱ्याचा खर्च व त्याचा नेहमीचा नफा कसाबसा निघतो, त्याहून चांगल्या जमिनीत जे जास्त निघते ते कोणाच्या श्रमाचे फळ नसून जमिनीच्या गुणाचे असते, आणि तोच खरा खंड होय. आता कंपनी सरकारात बसलेल्या हुशार मंडळींनी यातून असे अनुमान काढले की, हिंदुस्थानात जमिनीचा मालक सरकार. तेव्हा हा खंड सरकारने घेतला तर शेतकऱ्याचे काहीच जात नाही! इंडिया हाऊसमध्ये बसून हा विचार पुढे रेटणारा मोठा पुरुष म्हणजे जेम्स मिल. याने हिंदुस्थानचा भला मोठा इतिहास लिहिला. पण तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता आणि येथील एकही भाषा त्यास येत नव्हती. कंपनीचे तरुण अधिकारी ज्या हेलिबरीच्या विद्यालयात तयार होत, तेथे अर्थशास्त्र शिकवण्यास १८०५ पासून साक्षात माल्थस होता.

या माल्थसचा एक विद्यार्थी, प्रिंगल नावाचा, पुणे प्रांतात अधिकारी म्हणून आला. १८२७-२८ च्या सुमारास त्याने मोजणीचे काम हाती घेतले. मनुष्य प्रामाणिक होता, उद्योगी होता, आणि सिद्धांत त्याला मुखोद्गत होता. त्याने जमिनीच्या प्रती लावल्या. प्रत्येक प्रतीच्या शेतात पीक किती, बैल, बियाणे व मजुरी यांचा खर्च किती, हे काढून खर्च वजा जाता 'निव्वळ उत्पन्न' काय राहते त्याचा हिशेब केला, आणि त्या निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ हिस्सा सरकारचा असे ठरवले. कागदावर याहून न्याय्य व्यवस्था सुचणे कठीण. ज्याची जमीन चांगली त्याने अधिक द्यावे, ज्याची हलकी त्याने कमी द्यावे. आणि पेशवाईच्या अखेरच्या काळातील मक्तेदारांची मनमानी एकदाची संपावी.

परंतु प्रत्यक्ष काय झाले? निव्वळ उत्पन्न काढावयाचे तर प्रत्येक शेताचा दहा वर्षांचा जमाखर्च हवा. तो कोणाजवळ होता? आमच्या कुणब्याने घरच्या बैलांची मजुरी कधी लिहून ठेवली होती? बायको व मुले शेतात राबली त्याचा रोज कोणी मांडला होता? तेव्हा जे आकडे मिळाले ते अदमासाचे, आणि पुष्कळसे खालच्या कारकुनांनी आपापल्या सोयीने भरलेले. वर धान्याचे भाव उतरले. सारा मात्र रोख नाण्यात आणि ठरलेल्या दराने. याचा परिणाम पुढे मुंबई सरकारच्याच अहवालात नमूद झाला : हजारो शेतकरी घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानांच्या मुलखात परागंदा झाले, आणि काही भागांत लागवडीलायक जमिनीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जमीन वहिवाटीत राहिली नाही. इंदापूर तालुक्याची स्थिती फारच वाईट झाली. जो सिद्धांत म्हणत होता की शेतकऱ्याचे काहीच जात नाही, त्याच्या अंमलात शेतकरीच निघून गेला!

यानंतर १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी त्याच इंदापुरात काम पुन्हा हाती घेतले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मातीचा रंग आणि खोली पाहून तिच्या नऊ प्रती केल्या आणि त्यांचे परस्पर मोल आण्यांत बसवले. उत्तम जमीन सोळा आणे, तर शेवटची दोन आणे. मग त्या गावाने मागे खरोखर किती सारा दिला होता, पाऊसपाणी कसे, बाजार किती लांब, हे बघून दर उतरवले आणि ३० वर्षांसाठी कायम केले. पड जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. पुढे या पद्धतीतही दोष निघाले, फेरजमाबंदीत सारा वाढला, १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, तो इतिहास निराळा. येथे मुद्दा एवढाच की, तोच तालुका, तीच माती, तेच सरकार. पण एकाने सिद्धांतावरून शेत पाहिले आणि दुसऱ्यांनी शेत पाहून दर ठरवला. या दोहोंमधले अंतर म्हणजे कित्येक गावांचे उजाड होणे आणि पुन्हा वसणे.

हुकुमाच्या वाटेने सिद्धांत आला तो असा. दुसरी वाट पुस्तकाची. मुंबईत एल्फिन्स्टन विद्यालयात शिकलेल्या पहिल्या पिढीच्या हाती इंग्रजी ग्रंथ पडले, आणि आश्चर्याची गोष्ट ही की, त्यांनी ते केवळ पाठ केले नाहीत. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर या पंचविशीतल्या तरुणाने 'बॉम्बे गॅझेट' मध्ये 'एक हिंदू' या नावाने पत्रे लिहून, या देशाची संपत्ती बाहेर वाहून जात आहे हे सरकारला रोखठोक ऐकवले. दादाभाईंच्या प्रसिद्ध निबंधाच्या ती पस्तीस वर्षे आधीची गोष्ट. नंतर १८४९ साली लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' हे पुस्तक मराठीत आणले, आणि १८५५ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अर्थशास्त्रपरिभाषा' लिहिली.

या भाषांतरांना कमी लेखण्याची एक चाल आहे. 'इंग्रजी पाठ्यपुस्तकांची रूपांतरे' असे म्हणून त्यांना कपाटात टाकतात. पण परिभाषा घडवणे म्हणजे अर्धे शास्त्र घडवणे होय. कृष्णशास्त्र्यांनी 'अर्थशास्त्र' हा शब्द पुस्तकाच्या माथ्यावर घातला, तेव्हा कौटिल्याचा ग्रंथ कोणी पाहिलेलाही नव्हता. त्याची पोथी १९०५ साली हाती आली आणि १९०९ साली छापली गेली. म्हणजे नाव जुने, वस्तू नवी, असा तो प्रकार होता. 'भांडवल' हा तर पेठेतला शब्द. दुकानदार तो पूर्वापार वापरीत होता. तोच शास्त्रात आला, त्याबरोबर दुकानदाराला या शास्त्रात पाऊल टाकण्यास जागा झाली. ज्या शास्त्राला आपल्या भाषेत शब्द नाहीत, त्याच्याशी भांडताही येत नाही. त्याच्यापुढे मान तेवढी तुकवता येते. लोकहितवादींच्या पिढीने आपल्याला भांडण्यापुरते शब्द दिले, हे तिचे ऋण आहे.

आणि भांडण्याची वेळ लवकरच आली. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनात भयंकर दुष्काळ पडला. या वेळी सरकारदरबारी जो सिद्धांत होता तो अॅडम स्मिथच्या नावाचा. १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात स्मिथने धान्याच्या व्यापाराविषयी लिहिले आहे की, व्यापाऱ्यास मोकळे सोडावे; भाव चढले की धान्य आपोआप टंचाईच्या जागी येते, आणि सरकार मध्ये पडले तर टंचाईचा दुष्काळ होतो. युरोपातल्या बाजारांकडे पाहता यात पुष्कळ तथ्य होते. पण दख्खनच्या गावात भाव चढले म्हणून धान्य आले, तरी ते विकत घेण्यास मजुराजवळ पैसा कोठला? पीक बुडाले त्या दिवशी त्याची मजुरीही बुडाली होती. धान्य स्टेशनवर आहे आणि मनुष्य स्टेशनाबाहेर उपाशी आहे, असे हे चित्र होते.

दुष्काळी कामे निघाली, नाही असे नाही. पण त्यांवरही काटकसरीच्या तत्त्वाची सावली होती. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे धान्य उतरवून दिवसाला एक पौंड आणि वर थोडे पैसे असे प्रमाण ठरवले. पौंड म्हणजे आपला जेमतेम अर्धा शेर. त्यावर दिवसभर खडी फोडावयाची. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी, गावोगाव माणसे पाठवून माहिती जमवली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. उपाशी माणसांनी काम सोडावे, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ती बसत नव्हती. आपल्या देशात सिद्धांताला पहिले सार्वजनिक उत्तर मिळाले ते असे : एका बाजूने सभेचे कागद आणि दुसऱ्या बाजूने खडीवरून उठलेली माणसे.

आता आपण न्यायमूर्ती रानड्यांकडे येऊ. आज आपण ज्या प्रकारच्या मालेत बसलो आहोत, त्या वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली ज्यांनी सुरू केली, तेच हे माधवराव. विद्वानांनी विद्वानांसाठी बोलावयाचे सोडून दुकानदार, कारकून, शाळामास्तर यांच्यापुढे बोलावे, ही कल्पनाच मुळी त्या काळी नवी होती. नवे विचार समाजात उतरण्याची ती तिसरी वाट. १८९२ साली डेक्कन कॉलेजात रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्र या विषयावर जे व्याख्यान दिले, ते आजही वाचण्यासारखे आहे. त्यांनी काय केले? इंग्लिश अर्थशास्त्र खोटे आहे असे ते म्हणाले नाहीत. ते शास्त्र ज्या गृहीत गोष्टींवर उभे आहे त्यांची त्यांनी एक यादीच केली. मनुष्य केवळ स्वहित पाहतो; भांडवल व मजूर हवे तेथे जाऊ शकतात; स्पर्धा मोकळी असते; करार दोन सारख्या पक्षांत होतो. मग ते विचारतात, यांतले आपल्याकडे किती आहे? येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात बलवान. स्पर्धेपेक्षा रूढी बलवान. मजूर गाव सोडीत नाही आणि भांडवल पेटी सोडीत नाही. आणि रिकार्डोच्या खंडाविषयी तर ते स्पष्टच सांगतात की, जेथे झाडून सगळ्या जमिनीला सरकारी सारा द्यावा लागतो, तेथे तो सिद्धांत लागूच पडत नाही. इंदापूरच्या परागंदा कुणब्याला साठ वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

त्यांनी आधाराला घेतला तो जर्मन पंडित फ्रेडरिक लिस्ट. मागे पडलेल्या देशाने बाल्यावस्थेतील उद्योगांना काही काळ संरक्षण द्यावे, हे त्याचे मत. पण हा लिस्ट तरी ते कोठून शिकला? तो देशोधडीला लागून १८२५ साली अमेरिकेत गेला होता आणि तेथील हॅमिल्टनपंथी लोकांच्या सहवासात त्याचे विचार पक्के झाले. म्हणजे जो विचार अमेरिकेने इंग्लंडच्या विरुद्ध उभा केला तो जर्मनीने उचलला, आणि जर्मनीकडून तो पुण्याच्या एका न्यायाधीशाच्या टेबलावर आला. विचार फक्त पुढारलेल्या देशाकडूनच मागासलेल्या देशाकडे वाहतो असे नाही. काल मागे असलेले देश आजच्या मागे असलेल्यांना पुष्कळदा अधिक उपयोगाचे सांगतात.

येथे कोणी म्हणेल, मग परक्यांचे शास्त्र हवेच कशाला? आपले प्राचीन ग्रंथ आहेत, आपला गावगाडा होता. या म्हणण्यातली भावना आम्हांस समजते, पण हा मार्ग रानड्यांचा नव्हे. गावगाड्यातल्या महाराला आणि मांगाला तो गाडा कसा वाटत होता, हे विचारल्याशिवाय त्याचे गोडवे गाणे बरे नाही. परका सिद्धांत तपासून घ्यावयाचा, तसा घरचाही तपासून घ्यावयाचा. कसोटी दोघांना एकच.

ही कसोटी म्हणजे आकडे, आणि हे काम रानड्यांच्या भोवतीच्या मंडळींनी केले. दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे वर्षाचे सरासरी उत्पन्न सुमारे २० रुपये पडते असे काढून दाखवले, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या खर्चाशी ताडून पाहिले. शाळामास्तरी करणाऱ्या गणेश व्यंकटेश जोशींनी सरकारच्याच अहवालांतून सरकारविरुद्ध कोष्टके काढली. ती कोष्टके हाती घेऊन गोपाळराव गोखले १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे विलायतेत साक्षीला उभे राहिले, आणि १९०२ च्या मार्चमध्ये कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले. सरकार म्हणत होते, शिल्लक उरते आहे, अर्थात देश सुखी आहे. गोखल्यांनी दाखवले की शिल्लक उरते ती करांचा बोजा गरजेपेक्षा जड असल्यामुळे. मिठावरचा कर त्या वेळी मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर. अर्थशास्त्राच्या एका युक्तिवादाने गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठ स्वस्त झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण कायदेमंडळातले इंग्रजी भाषण गावात कसे पोहोचणार? तेही झाले, आणि कधीकधी फार लांबच्या वाटेने. देवघरच्या बाजूला स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्यातले सखाराम गणेश देऊसकर यांनी १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहिली. दादाभाई, रानडे यांचे सारे विवेचन त्यांनी साध्या भाषेत, आकड्यांसकट, सामान्य वाचकापुढे ठेवले. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, स्वदेशीच्या चळवळीत ते हातोहात फिरले, आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. बाबूराव विष्णू पराडकरांनी ते हिंदीत नेले. एक मराठी माणूस बंगालीत लिहितो आणि दुसरा मराठी माणूस ते हिंदीत आणतो. सरकारला त्याची भीती वाटली, यावरूनच हे शास्त्र आता मूठभर पंडितांचे उरले नव्हते हे उघड होते.

आणि ते मीठ? त्याची गोष्ट तर आपल्या पार्ल्याच्या वेशीपर्यंत येते. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी येथे विलेपार्ल्यास पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला यांच्यासारखी माणसे येथे होती. गोखल्यांनी कोष्टकांत जे दाखवले, ते गांधीजींनी मुठीत धरून दाखवले. मिठाचा कर उठला तो १९४७ साली. कॉलेजातला सिद्धांत, कायदेमंडळातला आकडा आणि समुद्रकाठची मूठ ही एकाच जिन्याची तीन पावले होत. वरच्या पायरीवरून आपण खालच्या पायऱ्यांना हसू नये.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आपल्या अधिक जवळचा. पण त्याची मुळे थोडी मागे आहेत. १९१८ साली डॉक्टर आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान शेतांविषयी एक निबंध लिहिला. तेव्हा सर्वजण म्हणत होते की शेतांचे तुकडे फार झाले, ते जोडावेत. आंबेडकर म्हणाले, शेत लहान की मोठे हे नुसत्या बिघ्यावरून ठरत नाही. त्यावर किती माणसे व किती भांडवल आहे त्यावरून ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, त्यांतल्या पुष्कळांना पुरेसे काम नाही. अशा रिकाम्या हातांना उद्योगात काम मिळाले पाहिजे. शेतीवरच्या या जादा श्रमशक्तीचा सिद्धांत आर्थर लुईस यांच्या नावाने जगभर गाजला तो १९५४ साली. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला हा विद्यार्थी गुरूंचे धडे म्हणून दाखवीत नव्हता. त्यांच्या हत्यारांनी आपल्या गावचे दुखणे तपासीत होता.

मध्यंतरी १९३६ साली केन्सचा ग्रंथ आला. मंदीत सरकारने कामे काढावीत, मजुराच्या हाती पैसा खेळवावा, म्हणजे कारखाने पुन्हा चालू लागतील, हे त्याचे सार. आपल्याकडेही ते पुष्कळांना पटले. परंतु मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक चं. न. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ साली एक साधी शंका काढली. इंग्लंडात कारखाने तयार असतात, ते बंद असतात एवढेच. आपल्याकडे मजुराच्या हाती रुपया दिला तर तो जाणार धान्याच्या आणि कापडाच्या दुकानात. ते धान्य मुळात आहे का? नसेल तर रुपया भाव चढवील, पोट भरणार नाही. तेव्हा आधी मजुराच्या उपयोगाच्या वस्तूंची सोय पाहा. पुढे १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून हिंदुस्थानातील दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात दरमहा दरमाणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान पातळी धरली, तरी देशातले कोट्यवधी लोक तिच्याखाली आहेत, असे त्यांनी दाखवले. आणि उपाय सांगितला तो हा की, काम मागेल त्यास सरकारने काम द्यावे व त्याचा खर्च वरच्या थरातल्या लोकांनी सोसावा.

याच सुमारास महाराष्ट्रात सलग अवर्षणे पडली. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. त्या वेळी दुष्काळी कामांवर इतकी माणसे आली की, १९७३ च्या मे महिन्यात त्यांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. याआधीच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे आपल्या तासगाव तालुक्यातील अनुभवावरून रोजगार हमीची कल्पना मांडीत होते. १९७२ साली योजना निघाली, आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. खेड्यातला प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचे काम मागेल, तर ते देणे सरकारवर बंधनकारक; न दिल्यास बेकारभत्ता. ही तारीख जरा जुळवून पाहा. १८७७ साली याच दख्खनात, याच खडीच्या कामावर, शास्त्राचे नाव सांगून मजुराचे अर्धपोट धान्य ठरवले गेले; आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ साली, त्याच मजुराला काम मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला. २००५ साली तशाच स्वरूपाचा कायदा संसदेने सगळ्या देशासाठी केला, आणि मग परदेशचे पंडित त्याचा अभ्यास करण्यास आमच्या खेड्यांत येऊ लागले. एके काळी सिद्धांत विलायतेहून इंदापूरकडे जात होता. आता उलट दिशेची गाडीही सुटू लागली.

ही योजना निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. हजेरीपटावर खोटी नावे लागली, मजुरी उशिरा पोहोचली, अर्धवट बांध पहिल्या पावसात वाहून गेले, हे सर्व झाले. पण दोष दिसले ते कोणाला? कामावरच्या मजुराला. आणि ते बोलून दाखवण्याची सोय त्याला होती. त्याचे मोर्चे निघाले, संघटना झाल्या. प्रिंगलच्या कुणब्याला फक्त पळून जाण्याची सोय होती. हा फरक लहान नव्हे.

आता आपला, शहरातल्या लोकांचा, या सगळ्याशी संबंध काय? संबंध रोकडा आहे. रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पार्ले, अंधेरी, दादर, गिरगाव येथल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर जी 'व्यवसाय कर' म्हणून बारीकशी रक्कम वजा होते, तिचा उगम या योजनेत आहे. बहुतेकांना हे ठाऊक नसते. कापले गेले एवढे कळते. मुंबईच्या पगारातून बीडच्या बंधाऱ्यावर मजुरी पोहोचावी, असा हा करार होता. तो आपण केला हे आपल्यालाच माहीत नसावे, ही आमच्या मते या कथेतली सर्वांत खेदाची गोष्ट आहे. ज्या समाजाला आपण काय करतो आहोत हे कळत नाही, त्याच्यावर उद्या कोणीही नवा सिद्धांत बसवून जाईल.

आणि नवे सिद्धांत येतच राहणार. कधी सगळे बाजारावर सोडा म्हणून येतील, कधी सगळे सरकारने करा म्हणून येतील. कधी अनुदान बंद करा, कधी रोख पैसे खात्यात टाका. प्रत्येकाबरोबर मोठी नावे, परदेशची पारितोषिके आणि सुंदर आलेख असतील. आपण त्यांचे स्वागत करावे. दार लावून बसणे हे शहाणपण नव्हे. पण दारात उभे असतानाच तीन प्रश्न विचारावे. याने मनात धरलेला मनुष्य आपल्याकडे आहे काय? याचे आकडे कोणी गोळा केले, आणि ज्याच्याविषयी ते आहेत त्याला कोणी विचारले काय? आणि हे चुकले तर चुकल्याचे प्रथम कोणाला कळेल, व त्याला ते बोलता येईल काय? रानड्यांनी पहिला विचारला, सार्वजनिक सभेने दुसरा विचारला, तिसरा विचारला तो काम सोडून उठलेल्या मजुरांनी.

हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. मराठीत विचारता येतात, कारण शब्द आपल्याजवळ आहेत. सभेत विचारता येतात, कारण सभा आपल्याजवळ आहे. तेव्हा, भगिनींनो आणि बंधूंनो, व्याख्यान संपले म्हणून प्रश्न संपले असे समजू नका. आमच्याही विधानांपासून सुरुवात करण्यास आमची मुळीच हरकत नाही.